मालगाडीच्या मागोमाग वीरगंजपर्यंत

निवृत्त झालेली माणसं काशीला जातात, चारधाम करतात, फारच हौस असेल तर दुबई बघून येतात. आम्ही नवराबायको एका मालगाडीच्या मागे गेलो. आमच्या इमारतीतल्या लोकांनी परत आल्यावर विचारलं, "तिथे बघायला काय आहे?" मी म्हटलं, "सुकं बंदर आहे." त्यावर सगळ्यांनी सुनंदाकडे अशा नजरेने पाहिलं की ती बिचारी नेसूची साडी सावरत आत निघून गेली. तेव्हा एकदा नीट लिहूनच टाकावं म्हटलं.

गोखिवरे

वसई पूर्वेला, गोखिवऱ्यात, माझा पत्र्याच्या शेडमधला छोटा कारखाना होता. पोह्याची मशीनं बनवायचो. भिजवून भाजलेलं भात एका मोठ्या लोखंडी परातीत टाकायचं, परातीत एक जाडजूड चाक गरागरा फिरतं, आणि भाताचे चपटे पोहे होतात. एवढंच ते यंत्र. पण चाक आणि परात यांच्यातलं अंतर केसभर चुकलं तर पोहे होत नाहीत, पीठ होतं. पेण-रोह्याच्या गिरण्यांमध्ये माझी मशीनं अजून फिरतात आणि त्याचा मला नको इतका अभिमान आहे, असं सुनंदा म्हणते.

कारखान्याच्या मागून दिव्याकडे जाणारी रेल्वेलाइन होती. तिच्यावरून प्रवासी गाड्या थोड्या आणि मालगाड्याच फार. दुपारी डबे उघडले की लांबून धडधड ऐकू यायची आणि माझे कारागीर पैज लावायचे, वाघिणी, म्हणजे मालडबे, किती असतील? हरेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. यात कायम जिंकायचा तो हरी. हरी नेपाळचा. मिसरूड फुटायच्या वयात आला आणि कानशिलं पांढरी होईपर्यंत माझ्याकडे राहिला. आधी झाडू मारायचा, मग लेथवर बसला, शेवटी तर माझ्यापेक्षा बरं चाक बसवायला लागला. वाघिणींवर 'प. रे.', 'म. रे.', 'पू. म. रे.' अशी मालक-रेल्वेची अक्षरं असतात. ती वाचून वाचून त्याने भारताचा नकाशा पाठ केला होता. एकदा त्याने मला विचारलं, "शेठ, यातली कुठली गाडी आमच्याकडं जाते?" मी म्हटलं, "एकही नाही, तू आधी तो नट आवळ." खरं तर मला ठाऊकच नव्हतं.

वडील थकले म्हणून हरी गावी गेला. पुढे मीही थकलो. यंदा जागा बिल्डरला दिली. शेडचे पत्रे उतरायच्या थोडं आधी हरीचा फोन आला. "शेठ, एक मशीन माझ्यासाठी बनवा. इकडं त्याला चिउरा बोलतात, पण चाक तेच लागतं." ते माझं शेवटचं मशीन. लेथ भंगारात गेलं नव्हतं तोवर ते बनवलं, चार दिवसांपुरतं एका ओळखीच्याच्या गोदामात ठेवलं, आणि हरीचा एकच हट्ट होता की ते ट्रकने नको, रेल्वेनेच यायला हवं.

मालवाहतुकीचे एजंट कांबळी यांनी मला सगळं समजावलं. मी आयुष्यभर मालगाड्या पाहिल्या होत्या, पण त्या जातात कशा याचा पत्ता नव्हता. कांबळी म्हणाले, "काका, मालगाडीला आपल्यासारखं टाइमटेबल नसतं. जिथून वाट मोकळी मिळेल तिथून जाते. तुमचं मशीन ज्यात बसेल तो कंटेनर एकाचा, त्याच्या खालची वाघीण दुसऱ्याची, ओढणारं इंजिन तिसऱ्याचं. ही रेल्वे गाडी हद्दीपर्यंत नेणार आणि पुढच्या रेल्वेच्या ताब्यात देणार. तिथे ड्रायव्हर बदलणार, गार्ड बदलणार. मध्य रेल्वे, मग पश्चिम-मध्य, मग उत्तर-मध्य, मग पूर्व-मध्य. मशीन तेच, माणसं दरवेळी नवी."

"आणि नेपाळची रेल्वे?" मी विचारलं.

"वीरगंजच्या सुक्या बंदरात आपलंच इंजिन जातं. डबे आत ठेवतं आणि परत येतं."

मग ते म्हणाले, "परतीचा पत्ता सांगा. सीमेवर माल नाकारला तर तो परत येतो ना, त्यासाठी." मी सवयीने कारखान्याचा पत्ता सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. त्या पत्त्यावर आता खड्डा होता. पायाभरणीसाठी खणलेला, आत गढूळ पाणी साचलेला. मी घरचा पत्ता दिला खरा, पण दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते धूड ठेवणार कुठे? मशीन परत आलं तर भंगारातच जाणार, हे मला तिथेच खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं. तेव्हा ते हरीपर्यंत पोचायलाच हवं होतं. चाक बसवायला तसंही मला जायचं होतंच. सुनंदा म्हणाली, "मीही येणार." का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं शहाणपण आलेलं आहे.

इटारसीच्या अलीकडे

मशीन पुढे गेलं आणि मागून आम्ही एक्सप्रेसने निघालो. कांबळी फोनवर गाडीचा ठावठिकाणा पाठवत होते. मला वाटलं होतं मशीन आत्तापर्यंत गंगा ओलांडून गेलं असेल. ते इटारसीच्याही अलीकडे एका लहान स्टेशनच्या बाजूच्या लाइनीवर उभं होतं, कालपासून.

माझा विश्वासच बसेना. कारखान्यामागून जाताना मालगाडी कशी धरणीकंप करत जायची. जणू तिला कुणी अडवूच शकत नाही. आणि आता कळलं की ती आपलं बहुतेक आयुष्य बाजूला उभी राहून काढते. दुरांतो आली, थांब. मेल आली, थांब. आमची रडतखडत चाललेली एक्सप्रेस आली, तरी थांब. समोरच्या बाकावर मोतिहारीचा एक रंगारी होता, नालासोपाऱ्यात बिऱ्हाड करून राहिलेला. तो म्हणाला, "मालगाडी गरीब आदमी है अंकल, सबको रास्ता देती है." आणि त्याने आम्हाला सातूचं पीठ भरलेली लिट्टी दिली. सुनंदाने तिच्या डब्यातल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी पुढे केली. वासानेच तो मागे सरकला, मग धीर करून खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी काढत आणखी मागितली.

ते स्टेशन आलं तेव्हा सुनंदा खिडकीला नाक लावून बसली होती. आमची गाडी हळू झाली आणि शेजारच्या लाइनीवर कंटेनरची रांग लागली. लाल, निळे, पुन्हा लाल. आमचा हिरवा होता आणि त्याच्या कोपऱ्याला पोचा होता. "तो बघा," ती म्हणाली. मी बघेपर्यंत तो मागे गेला. खरंच आमचा होता की दुसराच कुठला हिरवा, देव जाणे. पण तिने खिडकीतून हात हलवला, आणि तो रंगारीही कुणाला ते न विचारता हात हलवायला लागला. मला हसू आलं. त्या डब्यात माझं उभं आयुष्य बसलं होतं आणि ते आमच्यासाठी वाट सोडून उभं होतं.

रक्सौल

रक्सौल, आपल्या बाजूचं सीमेवरचं शेवटचं स्टेशन, म्हणजे धूळ, ट्रकांच्या रांगा आणि रिक्षांचे भोंगे. उतरलो तेव्हा अंगाचं पार भरीत झालं होतं. पण सकाळी स्टेशनबाहेरच्या दुकानात पत्रावळीवर जे समोर आलं ते पाहून मी प्रवासाचा सगळा शीण विसरलो. पोहे, त्यावर सायीचं घट्ट दही, त्यावर गूळ. त्याला ते दही-चूडा म्हणतात. आपण दहीपोह्याला फोडणी दिल्याशिवाय राहत नाही, मीठ-मिरची-कोथिंबीर आलीच. इथे फोडणीचं नाव नाही. मी एक पोहा बोटांत धरून उजेडाकडे केला.

"झालं सुरू," सुनंदा म्हणाली. "खा आधी."

"जाड आहे. चाक उचललेलं आहे यांचं."

"दुकानदाराला सांगून या, म्हणजे दोन धपाटे घालून पाठवेल."

खाल्ल्यावर मात्र मी आणखी एक पत्रावळ मागितली. जाड पोहा दह्यात फुगून असा लागत होता की पातळ पोह्याचा माझा जन्मभराचा आग्रह तिथे जरा ढिला पडला.

वाट मोकळी मिळताच मालगाडीने आम्हाला गाठलं होतं, नव्हे, मागे टाकलं होतं. आम्ही लॉजवर झोपलो असताना ती रक्सौलहून पुढे ढकलली गेली, असा कांबळींचा निरोप आला. आम्ही ई-रिक्षाने पूल ओलांडला. परदेश म्हटल्यावर सुनंदाने आधार कार्ड हातात धरून ठेवलं होतं, पण ते कुणी मागितलंही नाही. वीरगंजच्या कमानीखालून गेलो आणि नेपाळ सुरू झालं. हरी तिथेच उभा होता. डोक्यावर टोपी, पोट सुटलेलं, हसू तेच. माझ्या पाया पडला, मग सुनंदाच्या, आणि म्हणाला, "वहिनी, एवढ्या लांब कशाला आलात? हाल झाले असतील तुमचे." ते अस्सल गोखिवऱ्याचं मराठी त्या गर्दीत ऐकून माझे डोळे भरून आले. धुळीवर ढकललं.

त्या दिवशी बंदर बंद होतं. नेपाळात सुट्टी शनिवारी असते, हे आमच्या गावीही नव्हतं. पुढच्या वेळी गेलो तर पाव तास उशीर झाला, कारण नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पाव तास पुढे चालतं. हरी म्हणाला, "शेठ, तुम्ही आम्हाला पाच मिनिटं उशीर झाला तर किती ओरडायचे." मी मुकाट्याने घड्याळ पुढे केलं.

वीरगंज, सुकं बंदर

बंदर म्हटलं की आम्हा वसईकरांना कोळंबीचा वास आणि होड्या आठवतात. इथे समुद्र शेकडो कोस दूर. मोठं पटांगण, रुळांच्या चार-सहा जोड्या, डबे उचलणाऱ्या अजस्र क्रेन. कोपऱ्याला पोचा असलेला आमचा हिरवा कंटेनर खाली उतरलेला होता. मी जाऊन त्याच्या पत्र्यावर थाप मारली. मग तपासणीसाठी दार उघडलं आणि आत गेलेला तपासनीस बराच वेळ बाहेर येईना. बाहेर आला तो थेट ऑफिसात गेला. थोड्या वेळाने आम्हाला बोलावणं आलं.

टेबलापलीकडे एक चाळिशीच्या बाई बसल्या होत्या. शेतमाल आणि झाडापाल्याची तपासणी त्यांच्याकडे. सगळे त्यांना रंजू मॅडम म्हणत होते. टेबलावर एका ताटात नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि जांभळा खण ठेवला होता.

"हे तुमच्या मशीनच्या परातीत होतं," त्या हिंदीत म्हणाल्या. "कागदावर फक्त मशीन आहे. हे कुणी ठेवलं?"

मी सुनंदाकडे पाहिलं. माझा चेहरा खर्रकन उतरला असणार, कारण मला त्याच क्षणी सगळं आठवलं. आमच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मशीनची सुनंदा ओटी भरायची. पहिलं मशीन पेणला गेलं तेव्हापासूनची रीत. आम्हाला मुलगी नाही, एक मुलगा आहे तो पुण्यात. ट्रकवर चढवायच्या आधी ती परातीत खण-नारळ आणि तांदूळ घालायची, चाकाला हळदीकुंकू लावायची. गिऱ्हाईकही कौतुकाने ते घरी न्यायचं. पेण-रोह्याला त्यात कुणाचं काय बिघडणार? पण देशाच्या हद्दीवर हा बियाण्याचा आणि धान्याचा चोरटा माल ठरतो, हे आम्हा दोघांच्या डोक्यात आलंच नाही. कंटेनर बंद करताना ती आत गेली होती, हे मी पाहिलं होतं आणि सवयीने विसरलो होतो.

"मैंने रखा," सुनंदा म्हणाली. तिचं हिंदी भाजीवाल्यापुरतं. "वो ओटी है. लड़की घर से जाती है ना, तब भरते हैं. खाली नहीं भेजते."

रंजू मॅडमनी ताटातलं हळकुंड उचललं. प्रवासात त्याला कोवळा हिरवा कोंब फुटला होता. तांदळात टोके झाले होते. त्या म्हणाल्या, "हे बघा. याचसाठी नियम आहे. इथलं शेत कोण सांभाळणार?" मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "खोंइछा." त्यांच्याकडे, म्हणजे वीरगंजपासून पार मिथिलेपर्यंत, मुलगी सासरी निघाली की तिच्या पदरात तांदूळ, हळद आणि दूर्वा घालतात. त्याला खोंइछा म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. पण सांगताना हळकुंड ताटात परत ठेवलं आणि आवाज पुन्हा ऑफिसातला झाला. "दोनच रस्ते आहेत. हे सगळं जाळायचं, नाहीतर डबा जसा आहे तसा परत."

माझ्या तोंडात 'जाळा' हा शब्द आलाच होता. यात विचार कसला करायचा? पण सुनंदा ताटातल्या नारळावर हात ठेवून उभी राहिली. हरी तिच्यापाशी गेला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, परत गेलं तर मोडीत जाईल ना ते. आपल्या हातचं शेवटचं आहे." तेव्हा ती म्हणाली, "मुलीची भरलेली ओटी जाळायची म्हणजे... बरं. जाळा." आणि तिने खण तेवढा उचलून घेतला. कापडाला बंदी नव्हती.

बंदरातल्या एका शेडच्या मागे पत्र्याच्या पिंपात ते जाळलं. नारळ फुटला तेव्हा मोठा आवाज झाला. कारखान्याचे पत्रे उतरले तेव्हा सुनंदा रडली नव्हती. मी रडलो होतो, न्हाणीघरात जाऊन. इथे मात्र ती परक्या देशात, परक्या लोकांसमोर, हुंदके देऊन रडली, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो.

रंजू मॅडमनी सही केली. करता करता विचारलं, "परत पाठवलं असतं तर कुठे गेलं असतं?"

मी म्हटलं, "कुठेच नाही. कारखाना पाडला. तिथे आता खड्डा आहे."

"म्हणजे हिला नइहर राहिलं नाही," त्या म्हणाल्या. नइहर म्हणजे माहेर, ते हरीने मला सांगायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी क्रेनने मशीन हरीच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवलं. दोर आवळून होतायत तोच रंजू मॅडम आल्या. हातात स्टीलचा लहान डबा. रुळांच्या कडेला वाकून त्यांनी चार दूर्वा खुडल्या, साडीचा पदर डोक्यावर घेतला आणि एका पायावर जोर देऊन ट्रॉलीवर चढल्या. डब्यातला तांदूळ, हळद आणि दूर्वा त्यांनी ओंजळीने परातीत घातल्या. "माझ्या घरचा तांदूळ आहे," त्या खाली माझ्याकडे बघून म्हणाल्या. "इथलाच. याला कागद लागत नाही." सुनंदाने खण वर दिला, तो त्यांनी तांदळावर ठेवला.

मग त्यांनी परातीतले चिमूटभर तांदूळ परत उचलले. पुन्हा एक चिमूट, पुन्हा एक. खाली उतरून ते दाणे सुनंदाच्या तळहातावर ठेवले आणि तिची मूठ मिटवली.

"हे का काढलं?" सुनंदाने विचारलं.

"थोडं परत घ्यायचं असतं. नइहर खाली नहीं होना चाहिए."

मशीन हरीच्या गावात बसलं. मी चाक लावलं, हरीने माझं चुकलेलं अंतर पुन्हा काढून नीट केलं, आणि बायाबापड्या टोपल्या घेऊन आल्या. पहिल्या घाण्याचे पोहे जरा जाडच ठेवले. मी चाकाला हात लावला नाही. निघताना हरी ट्रॅक्टरने आम्हाला पुलापर्यंत सोडायला आला.

पूल ओलांडल्यावर आपल्या जवानांनी पिशव्या उघडून पाहिल्या. चिउऱ्याची पुडी दिसली, त्याबद्दल काही म्हणाले नाहीत. "और कुछ है?" एकाने सुनंदाला विचारलं. तिच्या हातात रुमाल होता, आणि त्याच्या टोकाला घट्ट गाठ.

"कुछ नहीं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता भराभर पुढे चालायला लागली.